'द नेमसेक' : कादंबरी आणि चित्रपट

कादंबरीवरून चित्रपट निघाला की 'मूळ कादंबरीच अधिक चांगली' असे म्हणण्याची पद्धत पडून गेली आहे. तेवढेच म्हणायचे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक' ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. मीरा नायर यांनी तिच्यावर काढलेला चित्रपट २००६ साली आला. इंग्रजीच्या सरांनी तो आम्हांला वर्गात दाखवला तेव्हा अनेकींनी डोळे पुसले. पतीच्या मृत्यूची बातमी टेलिफोनवर ऐकणारी तब्बूची अशिमा मीही विसरणार नाही. इरफान खान तर अशोक गांगुलीच वाटतो. तरीही कादंबरी वाचल्यावर मला असे वाटू लागले की, तिच्यातील सर्वांत अवघड भाग चित्रपटाने टाळला आहे.

प्रथम काळाचा विचार करू. कादंबरी १९६८ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या विद्यापीठाच्या गावी सुरू होते. या सालाला अर्थ आहे. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत रद्द केली आणि आशियातील सुशिक्षितांना दार मोकळे झाले. अशोक व अशिमा त्या पहिल्या लोकांपैकी. घरचा आवाज महिनोन् महिने कानी पडायचा नाही, सारी भिस्त पत्रांवर. बाळाचे नाव आजीच्या पत्रातून यायचे असते. ते पत्र कधी पोहोचतच नाही, म्हणून 'गोगोल' हे तात्पुरते नाव मुलाला चिकटते. चित्रपटाने हा संसार १९७७ मध्ये आणि न्यूयॉर्कला नेला. त्यामुळे तिथला पूल आणि हावड्याचा पूल शेजारी शेजारी दाखवता आले, ते दिसतातही सुंदर. परंतु न्यूयॉर्क हे परक्यांचेच शहर. ओळखीचे कुणी नसलेल्या लहान गावातील अशिमाचे एकटेपण तिथे पातळ होते.

बंगाली घरात 'डाकनाम' आणि 'भालोनाम' अशी दोन नावे असतात. आपल्याला हे नवे नाही. घरी मला चिमी म्हणतात, कॉलेजच्या हजेरीपटावर मी दुसरीच कुणी असते. कादंबरीत अकरा वर्षांचा गोगोल शाळेच्या सहलीत एका जुन्या कबरस्तानात जातो आणि थडग्यांवरील विचित्र नावे कागदावर घासून उतरवून घेतो. आईला तो कागद घरात नको असतो, त्याला मात्र तो टाकवत नाही. आपल्यासारखीच कुणी न ठेवणारी नावे या देशात पूर्वीही होती, हे त्याला प्रथम कळते. हा प्रसंग चित्रपटात नाही. तो नसल्यामुळे नाव बदलणारा गोगोल पडद्यावर नुसता रुसलेला तरुण दिसतो.

माझा मुख्य आक्षेप मुंडनाला आहे. चित्रपटात वडील गेल्यावर गोगोल मुंडन करून येतो आणि प्रेक्षकांना कळते की मुलगा परत आला. कादंबरीत त्याचे मुंडन नाही; वडिलांनी एकदा केलेले मुंडन त्याला आठवते, एवढेच. तो क्लीव्हलँडमधील वडिलांच्या रिकाम्या खोलीत जातो, कपाटे आवरतो आणि हॉटेलात न जाता तिथेच रात्र काढतो. कुणी पाहत नाही, कुणी क्षमा करत नाही. चित्रपटाने मात्र एका वस्तऱ्याने इतक्या वर्षांचा दुरावा साफ केला! माझ्या वडिलांना माझी पुस्तके वाचता येत नाहीत. मी काय शिकते असे ते विचारतात आणि मी 'बी. ए.' एवढेच सांगते. असा दुरावा पडायला समुद्र ओलांडावा लागत नाही; गावाहून तालुक्याला आले तरी पुरते. आणि तो एका प्रसंगाने मिटत नाही.

मौसमीवरही अन्याय झाला आहे. कादंबरीत तिची बाजू तिच्याच नजरेतून येते. बंगाली आणि इंग्रजी या दोन्ही भाषांच्या अपेक्षांपासून पळून ती फ्रेंचच्या आश्रयाला गेलेली असते. चित्रपटात ती जवळजवळ खलनायिका ठरते. दोन तासांत सारे मावत नाही हे मान्य. मग अशिमाला गायिका करून गाणी घालायला वेळ कुठून आला? कादंबरीतील अशिमा ग्रंथालयात अर्धवेळ नोकरी करते. मला ती जास्त जवळची वाटते.

चित्रपट अशिमाच्या गाण्यावर संपतो. कादंबरी संपते तेव्हा खाली पाहुणे जमलेले असतात आणि गोगोल वरच्या खोलीत, चौदाव्या वाढदिवसाला वडिलांनी दिलेले आणि इतकी वर्षे न वाचलेले पुस्तक उघडून बसलेला असतो. वडील आता विचारायला नाहीत. चित्रपट ज्यांना आवडला त्यांनी निदान हे शेवटचे प्रकरण तरी वाचावे. इंग्रजी सोपे आहे, शब्दकोश फार लागत नाही.