कापडाच्या दुकानात बारा व्होल्टचे दिवे

2005 नंतरच्या भारनियमनाची वर्षे मराठवाड्यातील कोणताही दुकानदार विसरलेला नाही. मगरिबनंतर गिऱ्हाईक यायचे आणि नेमकी तेव्हाच वीज जायची. आज तो त्रास पुष्कळ कमी झाला, तरी वादळवाऱ्यात किंवा ऐन रमजानच्या खरेदीत तासभर अंधार झाला की गल्ला ओस पडतो. यास्तव छताच्या दिव्यांपुरती सौर विजेची सोय करून ठेवणे लहान दुकानदारास परवडते.

एलईडी मुळातच कमी व्होल्टच्या डीसी विजेवर जळतो. आपल्या नेहमीच्या 230 व्होल्टच्या बल्बात वीज उतरवणारा ड्रायव्हर बसवलेला असतो. सौर पॅनेल व बॅटरीची वीजही डीसीच. ती इन्व्हर्टरने चढवायची आणि बल्बाने पुन्हा उतरवायची, यात दोन्हीकडे तूट येते. फक्त दिवेच चालवायचे असतील तर बारा व्होल्टचे दिवे थेट घ्यावेत.

हिशेब असा : 10 वॅटचे सहा दिवे चार तास म्हणजे 240 वॅट-तास. 12 व्होल्ट, 75 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 900 वॅट-तास मावतात. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, नाहीतर ती लवकर जाते. तेव्हा हाती 450 उरले. पॅनेल 100 वॅटचे, तोंड दक्षिणेला, कल सुमारे 20 अंश. उन्हाळ्यात भरपूर होते, श्रावणात दोन दिवे बंद ठेवावे लागतात.

खरी चूक तारेत होते. माझीही झाली. वायरमनने घरगुती फिटिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार ओढली आणि मागच्या कपाटावरचे दिवे मिणमिणू लागले. 60 वॅटला 230 व्होल्टवर पाव अँपिअर लागतो, 12 व्होल्टवर पाच. दहा मीटर जाऊन परत येताना त्या तारेत सव्वा व्होल्टच्या आसपास गळतो, म्हणजे दहावा हिस्सा! चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली, तेव्हा अर्ध्या व्होल्टच्या आत आले.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्याची. मी आधी स्वस्तातले निळसर पांढरे दिवे लावले होते. त्यांच्याखाली बॉटल ग्रीन सूटपीस काळे दिसायचे. एक बाई दुसऱ्या दिवशी कापड परत घेऊन आल्या, “भाईजान, उन्हात हा रंग वेगळाच निघाला.” ओल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे, दिव्याने रंग लपवणे त्याहून फार दूर नाही. कापड बदलून दिले आणि दिवेही. 4000 केल्विनचे, सीआरआय 90 च्या वर असलेले दिवे मागावेत. किंमत जास्त पडते. ते बॅटरी चार्ज होताना चढणारे साडेचौदा व्होल्ट सोसणारे आहेत का, हेही दुकानदाराकडून लिहून घ्यावे.

बॅटरी ताक्यांच्या खाली कदापि ठेवू नये. आम्लाचा थेंब कापडाला भोक पाडतो आणि चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन पेट घेणारा असतो. जवळ अगरबत्तीही नको. हवेशीर कोपरा निवडावा, बॅटरीच्या धन टोकालगतच फ्यूज बसवावा आणि बटणे डीसीसाठी बनवलेली घ्यावीत. एसीच्या बटणात डीसीची ठिणगी चटकन विझत नाही.

सगळा खर्च एकदम नको असेल तर व्याजाच्या हप्त्यात पडू नये. आधी तार, दिवे व बॅटरी घेऊन साध्या चार्जरवर चालवावे. पॅनेल व त्याचा चार्ज कंट्रोलर ईदनंतरच्या कमाईत घेता येतो.