होडीची गळती

लाकडी शिडाची होडी जुनी झाली, की तिच्या तळाशी पाणी साचू लागते. कारण वेळीच सापडले नाही, तर खलाशांच्या जिवावर बेतते. पण पाणी साचते तेथेच भोक असते, असे नाही. आत शिरलेले पाणी लाकडाच्या कडेने वाहत दूर जाते.

म्हणून जाणता खलाशी त्या पाण्याची चव पाहतो. खारट पाणी समुद्राचे. गोडे पाणी बहुधा पावसाचे, वरच्या फळ्यांतून झिरपलेले. पावसाचे पाणीही निरुपद्रवी नसते. ते साचून राहिले, तर लाकूड कुजते.

मग तळ पुसून कोरडा करतात व संशयाच्या जागी खडूची पूड पसरतात. ओली रेघ उमटली, की तिचा माग काढत उगमापर्यंत जातात. त्या सांध्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरतात.

उन्हात सुकलेली होडी पाण्यात उतरवल्यावर थोडा वेळ गळतेच. फळ्या फुगल्या, की सांधे मिटतात. तरीही गळती थांबली नाही, तर होडी समुद्रात नेऊ नये.

शब्दार्थ : सांधा – जोड, झिरपणे – हळूहळू पाझरणे, उगम – सुरुवातीची जागा.

प्रश्न : खलाशी पाण्याची चव का पाहतो?