औषध ठरवताना पुरावा कोणता?

इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना एक सवय लावण्याचा प्रयत्न करतो : एखादे विधान कोणी केले यापेक्षा ते कशाच्या आधारे केले, हे आधी विचारावे. वसतिगृहात मूल आजारी पडले की मात्र हा प्रश्न आपण सारेच विसरतो. पालक समुद्रपूरला धावत येतात आणि 'एक इंजेक्शन द्या, सलाईन लावा' असा आग्रह धरतात. आम्हीही तो धरलेला आहे. वैद्यक आमचा विषय नव्हे. पण पुराव्याची पारख हा आहे, म्हणून हे टिपण.

उदाहरण आपल्या विदर्भातलेच घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथे लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती आणि डॉक्टर दूर होता. गावातल्या बेताच्या शिकलेल्या कार्यकर्त्याला न्यूमोनिया ओळखता येईल काय, आणि त्याने दिलेल्या औषधाने मृत्यू घटतील काय? याचे उत्तर अंदाजाने न देता त्यांनी 58 गावांत हा उपाय राबविला आणि 44 गावे तुलनेसाठी घेतली. 1990 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत 17.5 होते, तर उपाय केलेल्या गावांत 8.1. तुलनेची गावे नसती, तर ही घट औषधाने झाली की त्या वर्षीच्या बऱ्या पिकापाण्याने, हे कोणालाच सांगता आले नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी दुसरी गावे कधीच मिळत नाहीत, ही आमची जुनी खंत.

न्यूमोनिया ओळखण्याची रीत घरीही करता येते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. खोकला असलेल्या दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच दवाखाना गाठावा. दोन महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत मोजणीवर विसंबून घरी थांबू नये. साधी सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते. त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. मागच्या आजारातली उरलेली गोळी मोडून देण्याने फक्त जंतू औषधाला सरावतात.

हगवणीची गोष्ट याहून थोडक्यात सांगता येईल. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासितांत कॉलरा पसरला आणि सलाईन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पाजण्यास सुरुवात केली. सुमारे 30 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले. तेच पाणी आज ओआरएसच्या पुडीतून मिळते. मूल पिऊ शकत असेल तर ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या झिंकच्या गोळ्या पुरेशा ठरतात; मूल मलूल झाले, पाणीही घेईना, तेव्हाच सलाईनची खरी गरज.

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील एक मुलगा हातपाय दुखतात म्हणून कवायतीला वारंवार बसून राही. आम्ही त्याला कामचुकार ठरविले, मैदानाला दोन फेऱ्याही मारायला लावल्या. पुढे रक्त तपासले तेव्हा सिकलसेल निघाला. विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे पुस्तकातून ठाऊक असूनही समोरच्या मुलाला आम्ही ते लावून पाहिले नाही. अशा मुलाला ताप आला तर 'दोन दिवस वाट पाहू' हा एरवीचा शहाणपणा चालत नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. औषधाचाही पुरावा आहे. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत हायड्रॉक्सियुरियाने प्रौढ रुग्णांचे वेदनेचे झटके 44 टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतर ते मुलांनाही देण्यात येऊ लागले. मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळाने रक्त तपासूनच.

प्रवेशाच्या अर्जात आम्ही सिकलसेल तपासणीचा रकाना घातला. पुष्कळ पालक तो कोरा सोडतात, विशेषतः मुलींचे. पुढे लग्नाला अडचण येईल ही भीती. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. परंतु दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तो रकाना फक्त वसतिगृहाचे अधीक्षक पाहतात, आणि अर्ज कुलपात राहतो.