बारावीनंतर काय? आधी गुंठाभर लावून बघा

सभासद बंधू-भगिनींनो,

या अंकात ऊस सोडून दुसऱ्याच विषयावर लिहितो आहे. खोडव्यावरचा लेख पुढच्या अंकी देईन. कारण असे की, गेल्या मे-जूनमध्ये आडसाली लागणीच्या चौकशीला गट ऑफिसात जे सभासद आले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी जाता जाता एकच प्रश्न विचारला : "साहेब, पोरगं बारावी झालंय, कशाला घालू?" मी उलट विचारतो, पोराला काय आवडतं? त्यावर उत्तर येतं, "त्यालाच कळंना झालंय."

न कळणे हा गुन्हा नाही. सतरा-अठराव्या वर्षी बहुतेकांना कळत नाही. चूक होते ती पुढे. कळत नाही म्हणून आपण शेजाऱ्याच्या मुलाने काय घेतले ते बघतो आणि फी भरून मोकळे होतो.

आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका सभासदाने मुलाला असाच इंजिनिअरिंगला घातला. कॉलेजचे नाव घेत नाही. दोन हंगामांचे ऊस बिल फीमध्ये आणि खोलीभाड्यात गेले. मुलगा दुसऱ्या वर्षी घरी परत आला. वडील म्हणाले, पोरगं वाया गेलं. मला तसे वाटेना, म्हणून मी त्याच्याशी बांधावर बसून बोललो. तो म्हणाला, "सर, यंत्रं मला आजही आवडतात. पण इंजिनिअरिंग म्हणजे सकाळ-संध्याकाळ गणितं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." या एका वाक्यासाठी त्या घराने किती रुपये मोजले याचा हिशेब तुम्हीच करा.

आता आपण शेतात काय करतो ते आठवा. नवीन जात आली, कोणी कितीही वाखाणली, तरी आपण पहिल्याच वर्षी पाच एकर लावत नाही. को ८६०३२ असो की फुले २६५, आधी बेणे मळ्यातून गुंठा-दोन गुंठ्यांपुरते बेणे आणतो. उगवण बघतो, फुटवे मोजतो, पाणी साचले तर तग धरते का, खोडवा कसा येतो ते पाहतो. आपल्या जमिनीत चालली तर मग क्षेत्र वाढवतो. ऊस बारा-अठरा महिन्यांचा, तरी एवढी काळजी. पदवी तीन-चार वर्षांची आणि तिच्यावर पुढची चाळीस वर्षे उभी. तिला मात्र आपण चाचणीशिवाय अख्खे रान देऊन टाकतो.

विषयाचीही गुंठाभर लागण करता येते. ती वर्गात होत नाही. वर्गात मुलाला विषय दिसतो तो मार्कांतून. केमिस्ट्रीत ऐंशी पडले म्हणजे केमिस्ट्री आवडते असे नाही, आणि इतिहासात पस्तीस पडले म्हणजे इतिहास आवडत नाही असेही नाही. शिकवणारा चांगला होता की नव्हता, एवढेच कधी कधी त्या मार्कांवरून कळते.

माझेच सांगतो. दहावीनंतर मी दोन वर्षांची कृषी पदविका केली ती आवडीने नव्हे. लवकर नोकरी लागेल म्हणून वडिलांनी घातले आणि मी गेलो. कीटकशास्त्र तिथे पाठ करून पास झालो. किडीचे नाव, नुकसानीचा प्रकार, औषधाचे प्रमाण, संपले. पुढे कारखान्यात लागलो. २००२ च्या पावसाळ्यात लोकरी मावा आला. सांगली जिल्ह्यात प्रथम दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पानाच्या खालच्या अंगाला पांढरी लोकर, वरच्या अंगाला चिकटा आणि त्यावर काळी काजळी. डोक्यावर गेलेल्या उसात फवारा तरी कसा मारायचा? लोक हवालदिल झाले होते.

तेव्हा आम्हा शेतकी खात्याच्या पोरांना काम दिले होते की प्लॉटमध्ये शिरायचे, पाने उलटी करायची आणि भिंगातून माव्यासोबत आणखी काय आहे ते मोजायचे. पहिले दोन दिवस कंटाळलो. उसाचे पाते हातापायाला कापत होते, अंगाला खाज सुटत होती. तिसऱ्या दिवशी एका पानावर माव्याच्या लोकरीतच दडलेली एक अळी मावा खाताना दिसली. ती डिफा. नंतर मायक्रोमसच्या अळ्या ओळखू लागलो. मग मला दुसरे काही सुचेना. रविवारीसुद्धा वही घेऊन जायचो. या प्लॉटात मित्रकीटक किती, त्या प्लॉटात किती, फवारलेल्या रानात कमी का, असे प्रश्न आपोआप पडू लागले. जो विषय मी परीक्षेपुरता पाठ केला होता तो माझा आहे, हे मला चोविसाव्या वर्षी कळले. तोवर घरची जबाबदारी आली होती. कीटकशास्त्राची पदवी राहून गेली ती गेलीच. त्याचे रडगाणे गात नाही. पण ते भिंग कोणी सतराव्या वर्षी हातात दिले असते तर, हा विचार अजूनही येतो.

यातून एक खूण मला सापडली. प्रत्येक विषयाला एक देखणी बाजू असते आणि एक कंटाळवाणी. जाहिरातीत, भाषणात, मोबाईलवर दिसते ती देखणी. रोजचे काम मात्र दुसऱ्या बाजूचे असते. कीटकशास्त्र म्हणजे रंगीत फुलपाखरू नव्हे, शंभर पाने उलटी करून आकडे लिहिणे. वकिली म्हणजे कोर्टातले भाषण नव्हे, जाडजूड कागद वाचणे. कॉम्प्युटर म्हणजे एक चूक शोधत चार तास बसणे. तेव्हा मुलाने चाचणी घ्यायची ती या कंटाळवाण्या बाजूची. महिना-दोन महिने ती करून बघावी. परीक्षा नाही, मार्क नाहीत, कोणी बघत नाही, तरीही हात पुन्हा त्याच कामाकडे जातो का? जात असेल तर त्या रानात पीक येते. जात नसेल तर गुंठाभरच गेले, पाच एकर वाचले.

ही चाचणी घ्यायची कुठे? पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. आपला कारखाना हेच घ्या. प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स आणि पोल काढतात, ते रसायनशास्त्र. बॉयलर, टर्बाइन आणि सहवीजनिर्मिती हे यंत्र आणि वीज. अकाउंट खात्यात कॉमर्स. सर्वसाधारण सभेतला वाद ज्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यावरून होतो, तो कायद्याचा अभ्यास. तोडणी कामगार दरवर्षी गाव सोडून का येतात, त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय होते, हे समाजशास्त्र. पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने धनंजयराव गाडगीळ उभे होते. ते अर्थशास्त्राचे अभ्यासक होते, ही गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. अर्थशास्त्र म्हणजे बँकेतली नोकरी, एवढेच त्यांना ठाऊक.

एक सोपा प्रयोग सांगतो. मुलाच्या हातात ऊस बिल द्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढ. म्हणजे उतारा ११.२५ असेल तर टनाला ३८९६ रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. हे मुलाला स्वतः मांडू द्या आणि मग तो काय विचारतो ते बघा. उतारा मोजतात कसा, असे विचारले तर त्याचा ओढा प्रयोगशाळेकडे. हा दर ठरवला कोणी आणि कशावरून, असे विचारले तर अर्थशास्त्राकडे किंवा कायद्याकडे. आकडेमोड दुसऱ्या पद्धतीने करून बघू लागला तर गणिताकडे. काहीच विचारले नाही तर बिल परत घ्या, रागावू नका. दुसऱ्या दिवशी दुसरे काही दाखवा.

गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाची मुलगी बेणे मळ्यात येत होती. वडिलांचे म्हणणे बी. एस्सी. अ‍ॅग्री, मुलीचे म्हणणे ठरत नाही. तिला उगवण मोजायला दिली. चार दिवसांत कंटाळली आणि तसे तोंडावर सांगितले. मला बरे वाटले, खोटे बोलली नाही. मग तिला हँड रिफ्रॅक्टोमीटर दिला आणि एकाच उसाचे बुडखा, मध्य आणि शेंडा असे तीन ब्रिक्स घ्यायला लावले. पक्व उसात बुडख्याचा आणि शेंड्याचा आकडा जवळ जवळ येतो. हे तिला सांगितले नव्हते, तिने आठ दिवसांत तिच्या वहीतून मला सांगितले. तिने पुढे रसायनशास्त्र घेतले. वडील अजून थोडे नाराज आहेत.

कारखान्याबाहेरही सोयी पुष्कळ. कृषी विज्ञान केंद्रे आहेत, पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आहे, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. शिवारफेरी असली की आपण जातो, पण मुलाला घरी ठेवतो. जुन्नर तालुक्यात खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते. शेतकऱ्याच्या पोराने ते बघावे असे मला फार वाटते. घरबसल्या म्हणाल तर वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. सरकारच्या 'स्वयम्' या व्यवस्थेवर २०१७ पासून कॉलेजचे अभ्यासक्रम फुकट बघता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी. बरेचसे इंग्रजीत आहेत, ही अडचण खरी.

काही वडील म्हणतील, असं भटकून कुणाचं भलं झालंय? इंग्लंडमधल्या डार्विनला त्याच्या डॉक्टर वडिलांनी १८२५ मध्ये एडिंबरोला वैद्यकी शिकायला पाठवले. ती त्याला झेपली नाही. मग धर्मगुरू व्हावे म्हणून केंब्रिजला घातले. तिथे तो वर्गाबाहेर भुंगेरे गोळा करी आणि हेन्सलो नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर फिरायला जाई. त्या हेन्सलोंच्याच शब्दावर त्याला १८३१ मध्ये जगप्रवासाच्या जहाजावर जागा मिळाली. वडील आधी तयार नव्हते, मामाने समजूत घातली. आपल्याकडेही मामा कामाला येतात.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. चाचणी चालू आहे म्हणून सीईटीचा अर्ज चुकवू नका. अर्ज भरून ठेवा, निर्णय नंतर घ्या. अकरावी सायन्सला ठरत नसेल आणि झेपत असेल तर गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवा, म्हणजे एकही दार बंद होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही बी. ए., बी. एस्सी.ला मुख्य विषयाबरोबर दुसरा गौण विषय घेता येतो. तो नुसता सोपा म्हणून घेऊ नये. चाचणीत दोन नंबरला आलेला विषय तिथे लावावा.

शेतकी खात्यातर्फे मे महिन्यात सभासदांच्या अकरावी-बारावीच्या मुला-मुलींना बेणे मळा आणि माती परीक्षण प्रयोगशाळेत काम बघायला व करायला येऊ द्यावे, अशी विनंती मी वरिष्ठांकडे केली आहे. ज्यांना पाठवायचे असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव द्यावे. मुलांनी सकाळी सातला यावे, सोबत वही, पेन आणि पाणी आणावे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि पायात चप्पल नको, बूट असावेत. वडिलांनी सोडायला यावे, थांबू नये.

आपला,
ऊस विकास अधिकारी