पासवर्ड आपल्याकडेच ठेवा

बारावीला ५८ टक्के पडलेला मुलगा नापास झालेला नसतो. एवढी साधी गोष्ट मला त्या जूनमध्ये कितीतरी जणांना सांगावी लागली. पेढे मागायला कुणी आलं नाही, धीर द्यायला मात्र सगळे आले. "आता याचं काय करणार?" हा प्रश्न बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही. नव्वदवाल्यांना कुणी असं विचारत नाही. आणि ज्या घरात हा प्रश्न चाललेला असतो, ते घर काही लोक बरोबर हेरतात.

निकालानंतर पारोळ्यात एका मंगल कार्यालयात मार्गदर्शन मेळावा भरला. बाहेरगावचे एक सल्लागार आले होते. मागं पुण्याकडच्या अभियांत्रिकी कॉलेजांचे बॅनर, टेबलावर लॅपटॉप, दारात नाव-मोबाइल लिहून घेणाऱ्या दोन मुली. त्या वहीत टक्केवारीचा रकाना होता. तो भरला की तुमची रांग ठरायची. आमच्या रांगेत सगळे पन्नास-साठवाले होते, आणि प्रत्येकाला सर तेच वाक्य ऐकवत होते, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"मीडियम कँडिडेट आहे, ताई. कॅपमध्ये याला कुणी विचारणार नाही."

कॅप म्हणजे सरकारची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. मुलगा शेजारीच बसला होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला काय येतं, काय आवडतं, एक शब्द विचारला नाही. आमच्या विहिरीवरची मोटार बंद पडली की हा पोरगा स्टार्टर खोलतो, कॉइल तपासतो, कार्बन बसलेले पॉइंट घासतो, नवीन लागलं तर धुळ्याहून आणून बसवतो. नववीपासून आम्ही वायरमनला बोलावलेलं नाही. पण त्या टेबलावर तो फक्त ५८ होता.

घरी येताना मुलगा एवढंच म्हणाला, "माय, माले तठे जानं नही." त्याचं ऐकायला हवं असं मी घरात म्हणत होते, पण दिरांनी आणि यांनी ठरवून टाकलं होतं. सर मोठे, आपण लहान.

सरांनी फॉर्म भरायचे पाच हजार घेतले. प्रवेशाचं काम बघणाऱ्या शासनाच्या सीईटी सेलच्या पोर्टलवर नोंदणी त्यांनी केली, मोबाइल नंबर त्यांच्या ऑफिसचा टाकला, पासवर्ड त्यांच्याकडे. मी विचारलं, पासवर्ड आम्हाला द्या, पर्याय कोणते भरले ते आम्हालाही पाहू द्या. ते हसले. "ताई, तुम्ही काहीतरी दाबाल, फॉर्म लॉक होईल, मग मुलाचं वर्ष जाईल. तुम्हाला यातलं कळणार नाही." मी शिवणकाम करते. माप स्वतः घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. पण त्या दिवशी सगळ्या पुरुषमंडळींसमोर मला गप्प बसवलं गेलं, आणि ते अजून माझ्या डोक्यात आहे.

पहिल्या फेरीत नाव लागलं नाही. पुढच्या फेरीतही नाही. दर वेळी सरांचा फोन यायचा, "मी म्हटलं होतं ना?" आवाजात वाईट वाटल्याचा लवलेश नाही, उलट खुशीच. मग खरी गोष्ट निघाली. पुण्याकडच्या एका कॉलेजात मॅनेजमेंटची एक जागा त्यांनी 'धरून ठेवली' होती. इलेक्ट्रिकल संपलं होतं, सिव्हिल होतं. कॉलेजची फी वेगळी, आणि जागेचे सत्तर हजार वेगळे, रोख. मी पावती मागितली तर म्हणाले, "याची पावती कुठं असते का, ताई?" माझी पोत पतपेढीत गहाण पडली आणि मुलगा पुण्याला गेला.

दिवाळीनंतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला मी मुलाला घेऊन स्टँडजवळच्या नेटच्या दुकानात गेले. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षणशुल्क मिळतं, हे मला माहीत होतं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून नेलं होतं. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म उघडून दुकानातला पोरगा म्हणाला, "काकू, कॅपचं अलॉटमेंट लेटर द्या."

आमच्याकडे ते नव्हतं. त्यानं कॉलेजची पावती वाचली, त्यावर 'इन्स्टिट्यूट लेव्हल' असं छापलं होतं, म्हणजे मॅनेजमेंटची जागा. "मग हे बसणार नाही, काकू. प्रवेश कॅपमधून लागतो."

तो पोरगा हुशार. त्यानं विचारलं, कॅपमध्ये लागलंच कसं नाही, ऑप्शन कोणते दिले होते? मोबाइल नंबर सरांचा होता, पण ईमेल मुलाचा टाकलेला होता. त्यावरून पासवर्ड बदलला आणि भरलेला ऑप्शन फॉर्म उघडला. मी चष्मा लावून वाचला. पुण्याचं सीओईपी. मुंबईचं व्हीजेटीआय. सांगलीचं वालचंद. पुण्याचं पीआयसीटी. खाली तशीच आणखी चार-पाच नावं. एमएचटी-सीईटीत ज्या मुलाचे पर्सेंटाइल चाळीसच्याही आत, त्याच्या यादीत सगळी नव्याण्णवच्या आसपास बंद होणारी कॉलेजं! जळगाव नाही, धुळं नाही, शिरपूर नाही, बांभोरी नाही. खान्देशातलं एकही नाव नाही. ही यादी चुकून झालेली नव्हती. नाव लागू नये म्हणूनच ती केली होती.

मग त्या पोरानं सीईटी सेलची कट-ऑफची यादी काढली. आमचा मुलगा ज्या कॉलेजात, ज्या शाखेत सत्तर हजार देऊन बसला होता, तिथंच कॅपमधून शेवटी लागलेल्या मुलाचे पर्सेंटाइल आमच्या मुलापेक्षा कमी होते. तीच भिंत, तोच बाक. तो मुलगा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन बसला होता आणि आम्ही पोत गहाण ठेवून. माझ्या हाताला कंप सुटला. मुलगा मान खाली घालून बसला होता, जणू यातही त्याचाच दोष.

मी तिथूनच सरांना फोन लावला. ते म्हणाले, "ऑप्शन तुमच्या मुलानंच सांगितले होते." मी म्हटलं, पासवर्ड तर तुमच्याकडे होता. ते म्हणाले, "ताई, जरा नीट बोला, मी मीटिंगमध्ये आहे." त्यानंतर त्यांचा फोन माझ्यासाठी कधीच लागला नाही. दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावला की लागायचा, माझा आवाज ऐकला की बंद. पुढच्या जूनमध्ये त्यांचा बॅनर पुन्हा लागलेला मी पाहिला. तो फाडावासा वाटला, हे इथं लपवत नाही.

आता ज्यांची मुलं यंदा त्या रांगेत बसणार आहेत, त्यांच्यासाठी.

अभियांत्रिकीला खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन, गणित मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०, आणि सीईटीत शून्याच्या वर गुण. एवढं असलं की मुलगा पात्र आहे. 'कुणी विचारणार नाही' हे खोटं आहे. महाराष्ट्रात दर वर्षी अभियांत्रिकीच्या कितीतरी जागा रिकाम्या राहतात. मोठ्या नावाचं कॉलेज मिळणार नाही, हे खरं. पण सरासरी मुलाला जागाच नाही, ही भीती विकली जाते, आणि तिचे पैसे आपण मोजतो.

गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट असतात. त्यांची प्रत काढा. आपल्या मुलाच्या पर्सेंटाइलच्या थोडी वरची कॉलेजं आधी, मग बरोबरीची, मग खालची, अशी लांब यादी घरी बसून वहीत लिहा. यादी लांब ठेवायला वेगळे पैसे पडत नाहीत. मात्र पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते खरंच हवं असेल तरच लिहा, कारण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो आपोआप पक्का होतो, मग पुढच्या फेरीत बदलता येत नाही. फॉर्म लॉक करण्याआधी प्रिंट घ्या आणि एकेक नाव बोट ठेवून वाचा. मोबाइल नंबर, ईमेल, पासवर्ड तिन्ही आपले. ओटीपी आला तर तो फोनवर कुणालाही सांगायचा नाही, तो माणूस मामाचा मित्र असला तरी. कागद तपासायला शासनानं नेमलेली सुविधा केंद्रं असतात, तिथं जा. मी पुढच्या वर्षी गेले. तिथल्या बाईंनी मला एकदाही 'तुम्हाला कळणार नाही' म्हटलं नाही.

मॅनेजमेंटच्या जागा बेकायदा नसतात, खासगी कॉलेजात काही टक्के असतातच. पण त्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो, आणि त्याही गुणवत्तेनंच भरायच्या असतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यावर रोख मागितलं तर ती कॅपिटेशन फी, आणि तिला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानं बंदी आहे. पावती मिळत नसेल तर पैसे द्यायचे नाहीत. अशा जागेवर शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळत नाही, हे कुणी तोंडातून काढत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांतही ती नाही. आणि मुलगी असेल तर जास्तच जपा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक शिक्षणाचं पूर्ण शिक्षणशुल्क शासन भरतं, पण कॅपमधून आल्या तरच. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एका बाईची मुलगी अशीच 'धरून ठेवलेल्या' जागेवर चालली होती. मी मशीन बंद करून तिला हे सांगितलं.

आम्ही मुलाला पुण्याकडच्या त्या कॉलेजातून काढलं. कॉलेजनं दाखले अडवले. उरलेल्या वर्षांची फी भरा, मग कागद देऊ, असं कारकून म्हणाला. मूळ गुणपत्रकं कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, अशी यूजीसीची २०१८ ची अधिसूचना आहे, आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचेही तसेच नियम आहेत. न झालेल्या वर्षांची फीही मागता येत नाही. माझा भाऊ आणि मी त्या नियमांच्या प्रती जोडून लेखी अर्ज घेऊन गेलो आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच मागितली. तोंडी बोलत होतो तोवर 'उद्या या' होतं. पोहोचेचा शिक्का मारायची वेळ आली तेव्हा कपाट उघडलं. पैसे परत मिळाले नाहीत, कारण प्रवेश रद्द करायची मुदत टळून गेली होती. मुदतीच्या आत रद्द केला तर हजार रुपये कापून बाकी परत मिळतात, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. सत्तर हजारांचा तर कुठं कागदच नव्हता.

कॉलेज बघायला जायचं तर रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी जा, प्रयोगशाळा उघडायला सांगा, यंत्रांवर धूळ आहे का बघा. बाहेरच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, शिकवतं कोण, किती विषय राहिलेत. मुलाशी बोला. दुसऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका. हे सगळे सांगतात, मीही सांगते.

आणि पदवी म्हणजेच सगळं, हे डोक्यातून काढा. बारावी विज्ञान झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही मिळतो. पदविका झाली की पुन्हा थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी. जळगावला आणि धुळ्याला दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. हे त्या मेळाव्यात कुणी सांगितलं नाही, कारण त्यात कुणाला काही मिळत नाही. माझ्या मुलानं वर्ष गेल्यावर पॉलिटेक्निकचा फॉर्म भरला, स्वतः, माझ्यासमोर बसून. आता तो शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलला आहे. त्या सत्तर हजारांत त्याची सगळी पदविका होऊन वर पैसे उरले असते.

पारोळ्यातल्या आणि तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी हात जोडून विनंती आहे. निकाल लागला की आठ दिवसांच्या आत तुमच्याच वर्गात, तुमच्याच शिक्षकांकडून पालकांना कट-ऑफची यादी वाचायला शिकवा. पन्नास-साठ टक्केवाल्यांना आधी बोलवा. तुम्ही बोलावलं नाही, तर मंगल कार्यालयातले त्यांना बोलावणारच आहेत.