तीन हजारांत गाणं कुठवर पोचेल?

प्रश्न : मी स्वतः गाणी लिहितो, चाली लावतो आणि घरातल्याच एका खोलीत रेकॉर्ड करतो. यूट्यूबवर काही गाणी टाकली आहेत, पण ऐकणारे म्हणजे नातेवाईक आणि मित्रच. महिन्याला फार तर तीन हजार रुपये बाजूला काढता येतील. एवढ्यात इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर जाहिरात करून काही होतं का? आणि पैसे देऊन आणलेला श्रोता खरा मानायचा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण तो मनात सलत राहिला तर पहिल्याचं उत्तर कामाला येणार नाही. हो, खरा मानायचा. हँडबिल वाचून नाटकाला आलेल्या प्रेक्षकाला कुणी खोटा म्हटलेलं नाही. जाहिरात गाणं फक्त समोर आणून ठेवते. पुढे ऐकायचं की नाही, हे ऐकणाराच ठरवतो. गोंधळ होतो तो आकड्यालाच श्रोता समजल्यामुळे. जुलै 2019 मध्ये रॅपर बादशाहच्या ‘पागल’ गाण्याला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाले आणि जागतिक विक्रमाची चर्चा सुरू झाली. त्यासाठी रीतसर गूगलच्याच जाहिराती घेतल्या होत्या, त्यात गैर काहीच नव्हतं. तरी यूट्यूबने तो विक्रम जाहीर केला नाही आणि सप्टेंबरमध्ये नियमच केला, की 24 तासांच्या विक्रमात जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरायचे नाहीत. तुम्हालाही तेच लागू आहे. चॅनेलवरून कमाई सुरू व्हायला व्हिडिओ पाहिल्याचे जे 4000 तास लागतात, त्यात जाहिरातीतून पाहिले गेलेले तास मोजत नाहीत.

आता तीन हजारांचं बोलू. त्यातून 18 टक्के जीएसटी वजा केला की जाहिरातीला उरतात साधारण 2540 रुपये. रक्कम लहान आहे, पण नीट वापरली तर पुरते. पहिली सूचना अशी, की पोस्टखालचं ‘बूस्ट’चं बटण घाईने दाबू नका. इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणाऱ्या मेटाची यंत्रणा तुम्ही जे मागाल तेच आणून देते. लाइक्स मागितलेत तर दिसेल त्यावर अंगठा उमटवणारे लोक शोधून आणील, आणि त्यांतले फार थोडे गाणं पुरतं ऐकतील. त्यापेक्षा ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन व्हिडिओ पाहिला जावा, हे उद्दिष्ट निवडा.

एका गाण्याचे तीन तुकडे कापा, प्रत्येकी वीस-पंचवीस सेकंदांचे, उभ्या चौकटीत. एक मुखड्यापासून, एक तुमच्या सर्वांत आवडत्या अंतऱ्यापासून आणि एक नुसता पेटी घेऊन गातानाचा. सुरुवातीचा म्युझिक पीस कितीही सुंदर जमला असला तरी इथे काढाच. बोट स्क्रीनवर सरकत असतं, तिथे आलाप रंगेपर्यंत कुणी थांबत नाही. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून शब्द देवनागरीत ठळक दाखवा. हे तिन्ही तुकडे एकाच प्रेक्षकवर्गाला चार-पाच दिवस दाखवा, प्रत्येकावर रोज शंभर रुपये. मग लाइक्सकडे पाहू नका, अर्ध्याच्या पुढे किती जण टिकले तेवढंच पाहा. माझा अंदाज, तिसरा तुकडा पुढे जाईल. घरच्या खोलीतला खरा आवाज लोकांना कळतो.

उरलेले हजार-बाराशे कुठे घालायचे, हा सगळ्यात मोलाचा निर्णय. ज्यांनी तुमचा व्हिडिओ अर्ध्याहून जास्त पाहिला, त्यांचा वेगळा गट मेटा बनवून देते. दुसऱ्या टप्प्यात पूर्ण गाण्याची जाहिरात फक्त त्यांनाच दाखवा. संख्या कमी दिसेल, हिरमुसू नका. ही माणसं तुमचा आवाज एकदा ऐकून थांबलेली आहेत. अनोळखी लाखभर लोकांपेक्षा मला ती जास्त महत्त्वाची वाटतात.

प्रेक्षक निवडताना भाषेच्या रकान्यात मराठी टाकायचा मोह होईल. तिथे फेसबुक कोणत्या भाषेत वापरता, हे धरलं जातं. आपल्यातले कितीतरी जण मराठीत बोलतात, पण फोन इंग्रजीत ठेवतात. ते सगळे गाळले जातील. त्यापेक्षा सांगली, कोल्हापूर, पुणे असे जिल्हे निवडा. यूट्यूबवर गूगल ॲड्समधून करणार असाल तर तुमच्या धाटणीची गाणी असलेली चॅनेल नेमून जाहिरात तिथेच दाखवता येते. भावगीतवाल्याला ही सोय फार उपयोगी आहे.

एक तांत्रिक अडचण बऱ्याच जणांना ऐनवेळी कळते. रीलला इन्स्टाग्रामच्या म्युझिक लायब्ररीतलं गाणं जोडलेलं असेल तर ती रील सहसा बूस्ट करता येत नाही, आणि गाणं तुमचंच असलं तरी यंत्रणेला ते कळेलच असं नाही. तेव्हा आवाज व्हिडिओतच मिसळून अपलोड करा. दुसऱ्याच्या चालीवर गायलेलं गाणं मात्र जाहिरातीला वापरू नका. हक्क संगीतकाराचा आणि गीतकाराचा असतो, आणि त्यांचं देणं बुडवून आपलं नाव करण्यात काय मिळवलं?

‘पाचशे रुपयांत दहा हजार व्ह्यूज’ असे मेसेज येतील. त्यांना उत्तरही देऊ नका. असले व्ह्यूज यूट्यूब काढून टाकतं. स्पॉटिफायने तर 2024 पासून बनावट स्ट्रीम्ससाठी, गाणी तिथे पोचवणाऱ्या वितरकांकडून दंड घ्यायला सुरुवात केली आहे, आणि तो फिरून तुमच्याच डोक्यावर येऊ शकतो. त्याच वर्षापासून वर्षभरात 1000 स्ट्रीम्स न झालेल्या गाण्याला तिथे मानधनही मिळत नाही. म्हणून चार गाण्यांवर पैसे विखरून टाकण्यापेक्षा एकच निवडा.

आणि सांगलीत भावे नाट्यमंदिरात किंवा एखाद्या छोट्या सभागृहात कार्यक्रम ठरवलात, तर त्या महिन्याचे सगळे तीन हजार त्यावरच लावा. शहराभोवतीच्या दहा-पंधरा किलोमीटरांत, कार्यक्रमाच्या आधीचे दहा दिवस. तिकिटाच्या लिंकबरोबर फोन नंबरही द्या. आपल्याकडे पुष्कळ लोक अजून फोन करूनच जागा राखतात.