शेवाळ कशास म्हणावें?

पाण्यांत जें हिरवें दिसेल तें शेवाळ, आणि जें फुललेलें दिसेल तें कमळ, अशी आपणांकडे नामकरणाची एक सोयीस्कर वहिवाट पडून गेली आहे. तळ्यावर गुरें पाजावयास नेणाऱ्याचें या दोन शब्दांनीं भागतें. परंतु ज्यानें कांचेच्या पात्रांत मासे पाळले आहेत, अथवा ज्यास वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगासाठीं बरणीभर हायड्रिला आणावयास सांगितलें आहे, त्याचें भागत नाहीं.

प्रथम कमळाचाच विचार करूं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथील पद्मतीर्थाच्या नांवांतच पद्म आहे. तेव्हां पद्म कोणतें व कुमुद कोणतें, हें तरी येथील विद्यार्थ्यास सांगतां यावें. फुलावरून ओळखूं जाणारा फसतो. शिवाय वर्षांतील पुष्कळ दिवस फूल नसतेंच. पान पाहावें. कमळाचें पान वाटोळें व अखंड असतें, आणि त्याचा देठ छत्रीच्या दांडीप्रमाणें बरोबर मध्यभागीं खालून जडलेला असतो. कोवळीं पानें पाण्यावर तरंगतात, पण पुढें तीं पाणी सोडून वर उभीं राहतात. कुमुदाचें पान पाण्यावरच पसरतें, आणि त्यास कडेपासून देठापर्यंत एक खोल चीर असते. ही चीर एकदां डोळ्यांत भरली म्हणजे पुन्हां घोटाळा होत नाहीं. लिनीअससारख्या पंडितानेंही १७५३ सालीं या दोहोंस एकाच प्रजातींत घातलें होतें. आजच्या आनुवंशिक संशोधनाप्रमाणें त्यांचें नातें फार दूरचें ठरलें असून कमळाचा जवळचा आप्त म्हणजे काश्मिरांतील चिनार वृक्ष होय! पाण्यांत राहिल्यानें रूप सारखें झालें, कुळ नव्हे.

आतां पाण्याखालीं वळूं. खरी गोंधळाची जागा तीच. येथें रंग, उंची, दाटपणा यांवर मुळींच विसंबूं नये, कारण उजेड व पाण्याची खोली बदलली कीं एकच वनस्पति निराळी दिसूं लागते. एका पेरावर पानें किती, कशीं बसलीं आहेत, आणि पान अखंड आहे कीं दुभंगलेलें, एवढें पाहावें. हायड्रिलाच्या पेराभोंवतीं बहुधा चार ते आठ लहान, अरुंद, अखंड पानें चक्राप्रमाणें बसलेलीं असतात. त्यांची कड करवतीसारखी दंतुर असते, आणि मागील मधल्या शिरेवर बारीक कांटे असल्यानें पान बोटांस खरखरीत लागतें. सेराटोफायलमचीं पानेंही चक्रांतच असतात. पण प्रत्येक पान हरिणाच्या शिंगाप्रमाणें दोहोंकडे फुटत जातें, आणि वनस्पतीस मूळ म्हणून नसतेंच. अशाच बारीक फुटलेल्या पानांवर इवल्याशा पिशव्या दिसल्या तर ती युट्रिक्युलेरिया. त्या पिशव्यांत ती सूक्ष्म जलजीव पकडून खाते.

तिसरी कारा. हिच्या हिरव्या फांद्याही चक्राकार फुटतात, म्हणून नवशिका हिलाच हायड्रिला म्हणून घेऊन येतो. परंतु ही हातांत घेतांच ठिसूळ लागते, तिला एक उग्र दर्प येतो, आणि कठीण पाण्यांत वाढलेली असल्यास तिच्या अंगावर चुन्याचा करडा थर असतो. त्यावर प्रयोगशाळेंतील सौम्य आम्लाचा थेंब टाकतांच बुडबुडे फसफसून येतात. हिला फूल नाहीं, खरें पान नाहीं, खरें मूळ नाहीं. गंमत अशी कीं, वरील वनस्पतींत शास्त्राच्या अर्थानें शेवाळ म्हणावें अशी ही एकटीच. बाकीच्या सर्व सपुष्प होत.

मत्स्यपात्रासाठीं बाजारांत मिळणाऱ्या वनस्पतींत लिम्नोफिला व कॅबोम्बा ही जोडी फार फसवी आहे. दोहोंचीं पानें पिसासारखीं बारीक चिरलेलीं असतात. लिम्नोफिलाचीं पानें पेराभोंवतीं सर्व बाजूंनीं, बिनदेठाचीं दिसतात. कॅबोम्बाच्या पेरावर समोरासमोर दोन, कधीं तीन, आणि प्रत्येकास स्पष्ट देठ व पुढें पंखा. लिम्नोफिलाच्या कित्येक जाति आपल्या देशींच्या आहेत. कॅबोम्बा अमेरिकेची.

हा भेद केवळ परीक्षेपुरता आहे असें कोणी समजूं नये. १९५० नंतरच्या दशकांत मत्स्यपात्रांच्या व्यापारांतून श्रीलंकेची हायड्रिला अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत पोंचली. १९६० च्या सुमारास ती तेथील मोकळ्या पाण्यांत आढळली, तेव्हां प्रथम तिला तेथलीच एलोडिया समजण्यांत आलें. एलोडियाच्या पेरावर बहुधा तीनच पानें असतात, व तीं गुळगुळीत. मोजणी फार अवघड नव्हती. हायड्रिलाचे कंद चिखलांत कित्येक वर्षें जिवंत राहतात; तिला आवरण्यासाठीं त्या संस्थानास पुढें कोट्यवधि डॉलर खर्चावे लागले. आपल्या देशांत केरळच्या कोळिकोड जिल्ह्यांत २०२० सालीं आवळपांडी येथील ओढा गुलाबी फुलांनीं भरून गेला व तो पाहावयास माणसें लोटलीं. तीं फुलें दक्षिण अमेरिकेंतील कॅबोम्बाचीं होतीं. म्हणून मत्स्यपात्रांतील काढलेली वनस्पति तळ्यांत, विहिरींत वा नाल्यांत टाकूं नये; उन्हांत पूर्ण वाळवून मग खताच्या खड्ड्यांत टाकावी.

नमुना ओळखावयाचा असल्यास तो ओला फडक्यांत गुंडाळून आणावा, आणि पांढऱ्या ताटलींत पाणी घालून त्यांत मोकळा सोडावा. बाहेर काढलेल्या वनस्पतीचीं पानें चिकटून त्यांची मोजणी होत नाहीं. जतन करावयाचा असेल तर त्याच पाण्यांत खालून जाड कागद सरकवावा, सुईनें पानें पसरावीं, आणि कागद एका कडेनें हळूहळू वर उचलावा. कोपऱ्यांत ठिकाण, तारीख व पाण्याची खोली शिसपेनीनें लिहावी, कारण शाई ओलीनें पसरते.